लोयोलाचं वर्ष, मिसिसिपीचं विमान
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अध्यक्षांनी विषय जाहीर केला, ‘१९६३ चं लोयोला : एका कॉलेज संघाचं बास्केटबॉल अजिंक्यपद’, आणि पहिल्या रांगेतून लगेच विचारणा झाली, “पाषाणची का?” सभागृह हसलं. निवृत्त क्रीडाप्राध्यापक असलेले वक्तेही हसले. पाषाणची लोयोला शाळा आणि शिकागोचं लोयोला विद्यापीठ, दोन्ही जेझुइटांचीच, तेव्हा शंका अगदीच अस्थानी नाही, असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नंतर तासभर त्यांनी त्याकडे पाहिलं नाही.

वक्त्यांना ओळखणाऱ्यांना त्यांचा हेका ठाऊक होता. विषय हॉकीचा असो, कुस्तीचा असो की खो-खोचा, त्यांचं म्हणणं एकच असतं : जिंकणाऱ्याची गोष्ट सांगताना आपण हरणाऱ्याला नुसता आकडा करून टाकतो, आणि बऱ्याचदा त्या मोसमाचं मर्म नेमकं त्या हरणाऱ्याकडेच असतं. यंदा हा मुद्दा मांडायला त्यांनी शिकागो गाठलं होतं.

सुरुवात भरधाव झाली. जेम्स नेस्मिथ, १८९१, स्प्रिंगफिल्ड, पीचच्या टोपल्या, वायएमसीए... “हे तुम्हाला माहीतच आहे.” अमेरिकेतल्या कॉलेज खेळाची व्यवस्था, तिथले विभाग, मार्च महिन्यातली राष्ट्रीय बाद फेरी... “हेही माहीत आहे.” ते कुणालाच फारसं माहीत नव्हतं, हे चेहऱ्यांवर दिसत होतं, पण दोनच गोष्टींवर ते थांबले. त्या काळी कॉलेजच्या खेळात तीन गुणांची बास्केट नव्हती आणि चोवीस किंवा तीस सेकंदांत फेक घेतलीच पाहिजे असं बंधनही नव्हतं. आघाडी मिळालेला संघ चेंडू आपापसात फिरवत खुशाल वेळ काढू शकत असे. “हे लक्षात ठेवा,” ते म्हणाले, “शेवटी उपयोगी पडेल.” शेवटाला किती वेळ उरणार आहे, याचा अंदाज तेव्हा त्यांनाही नसावा.

मग संघ आला. जेरी हार्कनेस, कर्णधार, न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. शाळेत असताना तिथल्या वायएमसीएमध्ये त्याला बेसबॉलचा जॅकी रॉबिन्सन भेटला आणि तुला खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळू शकेल म्हणाला. पोराने ते मनावर घेतलं. रॉन मिलर हाही न्यूयॉर्कचाच. लेस हंटर आणि व्हिक राउस हे दोघे टेनेसीतल्या नॅशव्हिलचे, तिथल्या पर्ल हायस्कूलमध्ये एकत्र खेळलेले. आणि पाचवा जॅक इगन, शिकागोचाच, सर्वांत बुटका, पाचांतला एकटा गोरा.

एका गोऱ्याबरोबर चार कृष्णवर्णीय, या समीकरणाला १९६३ मध्ये वजन होतं. संघात कृष्णवर्णीय मुलं घेणारी विद्यापीठं उत्तरेत बरीच होती. बिल रसेल आणि के. सी. जोन्स यांच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने १९५५ आणि १९५६ ही दोन्ही वर्षं जिंकली होती. तरी एका वेळी किती कृष्णवर्णीय खेळाडू कोर्टवर उतरवायचे, याचा एक अलिखित हिशेब प्रशिक्षक पाळत. लोयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी तो मोडला. डिसेंबर १९६२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या स्पर्धेत वायोमिंगविरुद्ध त्यांचे पाचही खेळाडू एकाच वेळी कृष्णवर्णीय होते. वरच्या दर्जाच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. आयर्लंड समाजसुधारक होते का? वक्त्यांनी खांदे उडवले. त्यांना जिंकायचं होतं, आणि जिंकून देणारी मुलं त्यांनी खेळवली. “हेतू शुद्ध होता की नाही, याची चौकशी आपण फार करतो. निकाल बघा ना.”

निकाल बघण्यासारखाच होता. त्या मोसमात देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा संघ लोयोलाच, सामन्याला नव्वदीच्या पुढे. चेंडू मिळाला की धावायचं, गमावला की तिथेच समोरच्याला घेरायचं. फेब्रुवारीत ते बोलिंग ग्रीनकडून आणि नंतर विचिटाकडून हरले, बाकी सगळं जिंकले. मोसमाच्या मध्यावर अभ्यासात मागे पडल्यामुळे काही राखीव खेळाडू गळाले, आणि आयर्लंड बहुतेक सगळा भार त्या पाचांवरच टाकू लागले. (“परीक्षेत नापास झाला म्हणून संघाबाहेर! आपल्याकडे उलटी हजेरी लागते,” असं वक्ते म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवर बसलेल्या कॉलेजकुमारांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.) बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी टेनेसी टेकला १११–४२ असं हरवलं. ६९ गुणांचा हा फरक त्या स्पर्धेत अजून कुणाला ओलांडता आलेला नाही.

इथवर पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पुढचा सामना मिसिसिपी स्टेट विद्यापीठाशी, असं म्हणून वक्त्यांनी पाण्याचा घोट घेतला, आणि संध्याकाळ लोयोलाकडून निसटली.

मिसिसिपीत तेव्हा लिहिलेला कायदा नव्हता, पण त्याहून घट्ट असा एक दंडक होता : राज्याच्या पैशावर चालणाऱ्या गोऱ्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाशी खेळणार नाहीत. मिसिसिपी स्टेटचा संघ काही लेचापेचा नव्हता. १९५९ मध्ये बेली हॉवेलच्या जोरावर त्यांनी पंचवीसपैकी चोवीस सामने जिंकले, दक्षिणेच्या विभागाचं विजेतेपद मिळवलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी घरी बसले. त्यांच्या जागी केंटकी गेली. १९६१ मध्ये पुन्हा तेच. १९६२ मध्ये पुन्हा तेच. केंटकीचा संघही सगळा गोराच होता. पण समोर कोण आहे हे बघून तो घरी बसत नव्हता. “म्हणजे ॲडॉल्फ रप यांच्या केंटकीला वर्णभेदाने तीनदा फुकट तिकीट काढून दिलं,” असं म्हणून वक्त्यांनी हशाची वाट पाहिली. आला नाही. रप हे केंटकीचे प्रशिक्षक, हे सांगायचं राहून गेलं होतं.

१९६३ साल त्या राज्यात साधं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी, १९६२ च्या शरदात, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्याच राज्यातल्या दुसऱ्या, मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश देण्यावरून ऑक्सफर्ड गावात दंगल होऊन दोघांचा जीव गेला होता. गव्हर्नर रॉस बार्नेट प्रवेशाच्या विरोधात उघड उभे होते. अशा वातावरणात मिसिसिपी स्टेटने पुन्हा विभाग जिंकला. प्रशिक्षक बेब मॅकार्थी आणि त्यांची मुलं चौथ्यांदा घरी बसायला तयार नव्हती. विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनी मार्चच्या सुरुवातीला जाहीर केलं की सक्षम अधिकाऱ्याने अडवलं नाही तर संघ जाईल. राज्याच्या शिक्षण मंडळात मतदान झालं, बहुमत कोल्व्हार्ड यांच्या बाजूने पडलं. जॅक्सनच्या एका वर्तमानपत्राने लोयोलाच्या संघाचं छायाचित्र छापलं. ही आपल्या मुलांशी खेळणारी मंडळी बघून घ्या, हा त्यातला न लिहिलेला मजकूर. छायाचित्रासाठी लोयोलाकडून कुणी पैसे मागितले नसावेत, अशी कोपरखळी वक्त्यांनी मारली.

१३ मार्चला, सामन्याच्या दोन दिवस आधी, हाइंड्स काउंटीतल्या न्यायालयाने मनाई हुकूम काढला. संघाने राज्य सोडायचं नाही. हुकूम बजावायला शेरीफची माणसं निघाली.

इथून पुढची पंचवीस मिनिटं वक्त्यांनी फक्त एका विमानाला दिली.

हुकूम बजावला तरच लागू होतो, आणि बजावायला माणूस सापडावा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे बेलिफांना आणि कुळांना चांगली माहीत आहे, असं वक्ते म्हणाले आणि सभागृहातले दोन-तीन वकील मोकळेपणाने हसले. मॅकार्थींनी रातोरात राज्याची हद्द ओलांडून मेम्फिस गाठलं, तिथून ते नॅशव्हिलला गेले. कोल्व्हार्ड अलाबामात गेले. हुकूम घेऊन आलेल्या माणसाला विद्यापीठाच्या आवारात ना प्रशिक्षक मिळाला ना अध्यक्ष. उरली मुलं. १४ मार्चला सकाळी राखीव खेळाडूंना पुढे विमानतळावर पाठवलं. तिथे शेरीफ दबा धरून असेल तर तो यांच्यावर झडप घालील, मुख्य खेळाडू सुटतील. मुख्य खेळाडू वसतिगृहात निरोपाची वाट पाहत बसले. विमानतळावर अडवणारं कुणी नव्हतं. निरोप आला, मुलं गाडीत कोंबली गेली आणि विमान उडालं. वक्त्यांनी हे सगळं हातवाऱ्यांसह सांगितलं; शेरीफची गाडी दाखवताना त्यांचा हात पाण्याच्या पेल्याला लागता लागता राहिला. ज्यांचे दाखले पंतांच्या गोटातून आणि आग्र्याच्या पेटाऱ्यांतून येतात अशा श्रोत्यांना ही कथा आवडणार, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. मनाई हुकुमाला पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. कायदेशीर सुटकेत नाट्य नव्हतं.

विमान नॅशव्हिलला उतरलं, मॅकार्थी तिथे भेटले, आणि सगळे मिशिगन राज्यातल्या ईस्ट लॅन्सिंगला पोचले. १५ मार्च १९६३, जेनिसन फील्ड हाउस. दोन्ही कर्णधार मध्यावर आले. मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड आणि लोयोलाचा हार्कनेस. हस्तांदोलन झालं आणि एकदम छायाचित्रकारांचे दिवे उडाले. हा साधा सामना नव्हे हे आपल्याला त्या झगझगाटात कळलं, असं हार्कनेसने नंतर अनेकदा सांगितलं आहे. मिसिसिपीने पहिले सात गुण सलग घेतले. मग लोयोलाचा वेग आणि राउसचे रिबाउंड यांनी काम केलं. निकाल ६१–५१. धक्काबुक्की नाही, शिव्या नाहीत. मिसिसिपी स्टेट दुसऱ्या दिवशी सांत्वनाच्या सामन्यातही खेळली, बोलिंग ग्रीनशी, ज्यांच्याकडे नेट थर्मंडसारखा कृष्णवर्णीय खेळाडू होता. आणि जिंकली. लोयोलाला फेब्रुवारीत हरवणारं बोलिंग ग्रीन ते हेच.

“आता सांगा,” वक्ते टेबलावर रेलून म्हणाले, “लोयोलाचं अजिंक्यपद लोकांच्या लक्षात राहिलं ते अंतिम सामन्यामुळे की या सामन्यामुळे? अमेरिकेत या लढतीला ‘बदलाचा सामना’ म्हणतात. अंतिम सामन्याला असं नाव नाही. आणि हा सामना घडला तो हरायला आलेल्या संघामुळे. लोयोलाला फक्त हजर राहायचं होतं.”

मागून एक मुलगी उठली. अंगात कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची जर्सी. माइक पोचेपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

“सर, फक्त हजर राहायचं होतं?”

सभागृहात चुळबुळ झाली. तिने दोन गोष्टी विचारल्या, आणि त्या दोन्ही गोष्टींना धार होती. पहिली : मिसिसिपीची मुलं एक रात्र लपली, एका विमानात बसली. हार्कनेस आणि बाकीचे तर ते आयुष्य रोज जगत होते. शूर कोण? दुसरी : विमान नॅशव्हिलला उतरलं म्हणालात. हंटर आणि राउस नॅशव्हिलचेच ना? मग ते शिकागोला कशासाठी गेले होते?

वक्ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग, जराशा वरच्या पट्टीत, म्हणाले की मिसिसिपीच्या मुलांना आपण हुतात्मा म्हटलेलं नाही. ती एकोणीस-वीस वर्षांची खेळाडू मुलं होती, त्यांना खेळायचं होतं, बस. शिवाय कर्णधार गोल्ड तर मूळचा मिसिसिपीचाही नव्हता, केंटकीचा होता. आपला मुद्दा इतकाच की भिंत दोन्ही बाजूंनी पडते. “आणि आतल्या बाजूने ढकलणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. वाटू दे की!” यावर काही ज्येष्ठांनी माना डोलावल्या, मुलगी उभीच होती.

पण दुसरा प्रश्न त्यांनी टाळला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. हंटर आणि राउस यांच्या घरापासून जवळ, नॅशव्हिलमध्येच, व्हँडरबिल्ट विद्यापीठ होतं. तिथल्या बास्केटबॉल संघात त्यांना जागा नव्हती, कारण त्या अख्ख्या विभागात कुठल्याच संघात कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली पेरी वॉलेसला. तो व्हँडरबिल्टच्या मुख्य संघातून १९६७–६८ च्या मोसमात खेळला. आणि वॉलेसची शाळा कोणती? वक्त्यांनी स्वतःच उत्तर दिलं : पर्ल हायस्कूल. हंटर आणि राउस यांचीच. म्हणजे शहर तेच, शाळा तीच, आणि मध्ये काही वर्षं. त्या काही वर्षांमुळे दोघांना शेकडो मैल उत्तरेला जावं लागलं, आणि तिसऱ्याला घराजवळ राहून पाहुण्या मैदानांवर काय काय ऐकून घ्यावं लागलं, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या सिद्धान्ताला फारशी सोयीची नव्हती. ज्या विद्यापीठाच्या संघाने तो दंडक मोडला, त्या मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, रिचर्ड होम्स, दाखल झाला १९६५ मध्ये. बास्केटबॉल संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९७० चं दशक उजाडलं. सामन्यानंतर तीन महिन्यांत, जून १९६३ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांची जॅक्सनमध्ये त्यांच्या घरासमोर गोळी घालून हत्या झाली. आणि लोयोलाच्या मुलांचं वर्ष? हार्कनेसला वसतिगृहाच्या पत्त्यावर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची पत्रं येत होती. ह्यूस्टनला खेळायला गेल्यावर प्रेक्षकांतून शिव्यांचा मारा झाला. दक्षिणेत दौरा असला की सगळ्यांनी एका हॉटेलात उतरायचं हे गृहीत धरता येत नसे. मुलगी बसली. वक्त्यांनी आपला मुद्दा मागे घेतला नाही, पण त्यानंतर तो पुन्हा उच्चारलाही नाही.

तेवढ्यात मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. अमेरिकेचं कशाला, आपल्या पळवणकर बाळूंचं काय? विलायतेच्या १९११ च्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या गोलंदाजाला इथे, याच पुण्यात, जातीमुळे चहा वेगळ्या कपात आणि तोही बाहेर मिळत असे. टाळ्या पडल्या. वक्ते म्हणाले, मुद्दा शंभर टक्के खरा, पण बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत या चौघा भावांना पाच मिनिटांत गुंडाळणं हा त्यांचा आणखी एक अपमान होईल. पुढच्या वर्षी बोलवा. अध्यक्षांनी खिशातून वही काढून तसं टिपून घेतलं. याच वेळी त्यांनी वक्त्यांपुढे एक चिठ्ठी सरकवली.

चिठ्ठीत काय होतं ते वक्त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं. सभागृह साडेआठला रिकामं करून द्यायचं होतं. घड्याळात आठ वीस. आणि लोयोला अजून ईस्ट लॅन्सिंगमध्येच.

“फायनल सांगा, सर!” कॉलेजकुमारांच्या बाकांवरून घोष झाला. अंतिम सामना तितका महत्त्वाचा नाही असं वक्ते चाळीस मिनिटं सांगत आले होते. आता तो सांगितल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती.

म्हणून तो असा आला, धापा टाकत. मिसिसिपीनंतर इलिनॉय, ७९–६४. उपांत्य फेरीत आर्ट हेमनचा ड्यूक, ९४–७५. २३ मार्चला लुइव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये समोर सिनसिनाटी. १९६१ आणि १९६२ चे विजेते. लागोपाठ तीन वर्षं जिंकणं तोवर कुणालाच जमलं नव्हतं. सिनसिनाटीकडेही सुरुवातीच्या पाचांत टॉम थॅकर, टोनी येट्स आणि जॉर्ज विल्सन असे तिघे कृष्णवर्णीय. म्हणजे कोर्टवरच्या दहांपैकी सात. टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीयांनिशी केंटकीला हरवलं ते १९६६ मध्ये, त्यावर पुढे चित्रपट निघाला आणि ते सर्वांना माहीत झालं. हे तीन वर्षं आधीचं. लोयोलावर चित्रपट का निघाला नाही याबद्दल वक्त्यांचं काही मत होतं, पण अध्यक्षांनी घड्याळ उचलून त्यांच्या हातात दिलं.

लोयोलाने पहिल्या चौदा फेकींपैकी तेरा चुकवल्या. पूर्वार्धात सिनसिनाटी २९–२१ पुढे. हार्कनेसच्या नावावर शून्य. उत्तरार्धात एका टप्प्यावर ४५–३०, बारा मिनिटं शिल्लक. पंधरा गुणांची आघाडी, तीही सिनसिनाटीसारख्या शिस्तीच्या संघाची. “आता सुरुवातीला सांगितलेलं आठवा,” वक्ते म्हणाले. वेळेचं बंधन नव्हतं. सिनसिनाटीने खेळ थंड केला, चेंडू फिरवत बसले. आणि इथेच लोयोलाने त्यांना कोर्टभर घेरायला सुरुवात केली. सावकाश खेळणाऱ्याला घाई करायला लावली की त्याचे हात चुकतात. सिनसिनाटीने त्या रात्री सोळा वेळा चेंडू गमावला, लोयोलाने फक्त तीनदा. नेम धरून फेकण्यात लोयोला भयंकर होते : ८४ फेकींपैकी २३ आत. सिनसिनाटी ४५ पैकी २२. पण ४५ आणि ८४ यांतलं अंतर बघा, असं म्हणत वक्त्यांनी हवेत दोन आकडे लिहिले. वाईट नेमाच्या माणसाला दुप्पट संधी मिळाल्या की चांगला नेम पुरा पडत नाही. संध्याकाळभरातलं हे त्यांचं सर्वांत नेमकं विश्लेषण, आणि त्याला मिळाला अर्धा मिनिट.

शेवटची काही सेकंदं. सिनसिनाटी एका गुणाने पुढे. लॅरी शिंगलटन फ्री थ्रोच्या रेषेवर, दोन फेकी. पहिली आत, ५४–५२. दुसरी आत गेली असती तर सगळं संपलं असतं, कारण एका बास्केटचे दोनच गुण. ती रिंगवरून बाहेर आली. हंटरने रिबाउंड घेतला, मिलरकडे, मिलरकडून हार्कनेसकडे, आणि पूर्वार्धात एकही गुण न केलेल्या माणसाने चार सेकंद उरले असताना लेअप घातला. ५४–५४. जादा वेळ. ५८–५८ असताना शिंगलटन आणि इगन यांनी चेंडू एकदम धरला. पंचांनी दोघांना उडी दिली. पाच फूट दहा इंचांच्या इगनने ती जिंकली. (बुटक्या मंडळींच्या टाळ्या.) लोयोलाने शेवटच्या फेकीसाठी चेंडू राखला, हार्कनेस आत घुसला, अडला, हंटरकडे दिला, हंटरची फेक चुकली, आणि रिंगच्या उजवीकडे उभ्या असलेल्या व्हिक राउसने वर उडून ती परत आत ढकलली. ६०–५८. एक सेकंद उरला होता.

चाळीस अधिक पाच, अशी पंचेचाळीस मिनिटं लोयोलाचे तेच पाच जण खेळले. आयर्लंडनी एकही बदली खेळाडू आणला नाही. इलिनॉय राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाने पुरुषांच्या या स्पर्धेचं पहिल्या श्रेणीतलं विजेतेपद त्यानंतर मिळवलेलं नाही. २०१८ मध्ये लोयोला पुन्हा अंतिम चौघांत पोचली, तेव्हा दूरचित्रवाणीने संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या सिस्टर जीनला घरोघर नेलं. त्या वेळी प्रेक्षकांत हार्कनेस होता, हे कमी जणांनी टिपलं. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्या जुन्या संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. जो डॅन गोल्ड २०११ मध्ये गेला, तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला होता, आणि हस्तांदोलनाचं ते छायाचित्र तिथे शवपेटीजवळ ठेवलेलं होतं. हे सांगताना वक्त्यांचा आवाज जड झाला, पण नेमकं तेव्हाच पंखे बंद करायला आलेल्या शिपायाने अर्धे दिवे मालवले आणि लोक हसले.

एकच प्रश्न, असं अध्यक्ष म्हणाले. तो त्याच मुलीने विचारला : हार्कनेसचं पुढे काय झालं?

वक्ते खूश झाले. न्यूयॉर्क निक्सकडे काही सामने, मग एबीए या नव्या व्यावसायिक लीगमध्ये इंडियाना पेसर्स. बेब मॅकार्थीही त्याच लीगमध्ये, न्यू ऑर्लीन्सचे प्रशिक्षक. त्या लीगने एक नवी गोष्ट आणली होती, लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण. नोव्हेंबर १९६७ मध्ये डॅलसविरुद्ध पेसर्स दोन गुणांनी मागे, एकच सेकंद बाकी. हार्कनेसने आपल्याच टोकाकडून, जवळजवळ अख्ख्या कोर्टाच्या लांबीएवढा, नव्वद फुटांच्या आसपासचा चेंडू भिरकावला. तो आत गेला. बरोबरी झाली म्हणून तो जादा वेळ खेळण्याच्या तयारीला लागला, तेव्हा पंचांनी त्याला सांगितलं की ती तीन गुणांची बास्केट होती आणि सामना ११९–११८ असा जिंकून झाला आहे.

“डॅलसबद्दल काही बोलणार का, सर?” कॉलेजकुमारांपैकी कुणीतरी ओरडलं. “हरलेला संघ!”

वक्त्यांनी तोंड उघडलं होतं, पण अध्यक्ष आभार मानायला उभे राहिले.